कॉगला पाय का नव्हते? माणसासारखा शिकणारा रोबॉट बांधण्याची गोष्ट



पीएच.डी.साठी विषय शोधताना आपण पेपर भरपूर वाचतो, पण त्या पेपरमागच्या प्रोजेक्टचा इतिहास फारसा वाचत नाही. काय मिळालं ते पेपरमध्ये असतं. तो प्रश्न कुणी निवडला, कुठले पर्याय बाजूला ठेवले, आणि का, हे मात्र इतिहासात शोधावं लागतं. प्रपोजल लिहिताना नेमकी हीच माहिती उपयोगी पडते. म्हणून आज एका रोबॉटची गोष्ट सांगतो.

अमेरिकेत एमआयटी म्युझियमच्या संग्रहात कॉग नावाचा एक रोबॉट आहे. डोकं, मान, धड आणि दोन हात. कमरेखाली काही नाही, धड थेट एका स्टँडवर बसवलेलं. १९९३ साली रॉडनी ब्रुक्स आणि त्यांच्या गटाने हे काम सुरू केलं तेव्हा उद्देश फार मोठा सांगितला होता: माणसासारखं शरीर असलेला, माणसांच्या सहवासात राहून लहान मुलासारखा हळूहळू शिकत जाणारा रोबॉट बांधायचा. साधारण दहा वर्षांनी काम थांबलं. तोपर्यंत कॉग काही लहान मुलासारखा बोलायला-खेळायला लागला नव्हता.

मग प्रोजेक्ट फसला म्हणायचं का? माझं मत असं आहे की जाहीर केलेलं ध्येय हुकलं, पण त्याच्या आत दडलेल्या एका छोट्या प्रश्नाला पक्कं उत्तर मिळालं. प्रश्न असा: बघणं ही फक्त डोळ्यांची गोष्ट आहे, की त्यात हातांचाही वाटा आहे? हे उत्तर कसं मिळालं ते समजायला आपल्याला आधी थोडं मागे जावं लागेल.

ट्युरिंग यांनी बाजूला ठेवलेला पर्याय

१९४८ साली ॲलन ट्युरिंग यांनी इंग्लंडच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीसाठी एक अहवाल लिहिला. विषय होता बुद्धिमान यंत्रं. तो त्यांच्या हयातीत प्रसिद्धच झाला नाही. त्यात ते एक कल्पना मांडतात: माणसाचा एकेक अवयव घ्यायचा आणि त्याजागी यंत्र बसवायचं. डोळ्यांच्या जागी टीव्ही कॅमेरे, कानांच्या जागी मायक्रोफोन, तोंडाऐवजी लाऊडस्पीकर, चालायला चाकं. असं यंत्र स्वतः शिकायचं तर त्याला गावोगाव, रानोमाळ हिंडू द्यावं लागेल. म्हणजे रस्त्यावरच्या लोकांना त्याचा धोका. शिवाय एवढं करूनही खाणंपिणं, खेळ अशा माणसाच्या जिव्हाळ्याच्या गोष्टींशी त्याचा संबंध येणार नाही तो नाहीच.

म्हणून ट्युरिंग यांनी हा मार्ग खात्रीचा पण फार संथ आणि अव्यवहार्य ठरवला, आणि शरीराशिवाय करता येतील असे विषय निवडले: बुद्धिबळासारखे खेळ, भाषा, भाषांतर, सांकेतिक लिपी, गणित.

आता वर्ष बघा, १९४८. संगणकाच्या स्वतःच्या स्मृतीत साठवलेला प्रोग्रॅम पहिल्यांदा चालला तो याच वर्षी, जूनमध्ये, मँचेस्टरला. ते यंत्रच एक खोली व्यापत होतं. ते चाकांवर घालून रानात कोण नेणार? म्हणजे शरीर बिनमहत्त्वाचं आहे असं ट्युरिंग कुठेही म्हणत नाहीत. ते परवडत नाही, एवढंच म्हणतात. दोन वर्षांनी, १९५०च्या त्यांच्या प्रसिद्ध लेखातही त्यांनी दोन्ही वाटा उघड्या ठेवल्या. एक बुद्धिबळासारख्या अमूर्त गोष्टींची. दुसरी, यंत्राला पैशाने मिळतील तितकी उत्तम ज्ञानेंद्रियं देऊन लहान मुलासारखं शिकवायची. दोन्ही करून बघा, असा त्यांचा सल्ला होता.

पुढच्या पिढीने मुख्यतः पहिली वाट धरली. एका काळातली अडचण पुढच्या काळात सवय होते, ती अशी. तुमच्या विषयातही असा एखादा पर्याय पडून असेल. तो ज्या कारणाने सोडला होता ते कारण आज उरलंय का, एवढं तपासायचं.

आधी बघा, मग विचार करा, मग हला

पहिल्या वाटेवरचा एक महत्त्वाचा टप्पा म्हणजे शेकी. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये १९६६ ते १९७२ या काळात तयार झालेला हा चाकांवरचा रोबॉट. तो कॅमेऱ्याने खोली बघायचा, खोलीचं चित्र आकड्यांत आणि चिन्हांत मांडायचा, त्यावरून योजना आखायचा आणि मग ठोकळे ढकलायचा. सर्वांत जवळचा रस्ता शोधण्याची ए-स्टार ही पद्धत याच प्रोजेक्टमधून आली, आणि ती आजही वापरात आहे. पण शेकीसाठी खोल्या मुद्दाम साध्या केलेल्या होत्या. ठोकळे मोठे, कडा स्पष्ट, उजेड नीट.

इथे क्रम लक्षात ठेवा: आधी बघायचं, मग विचार, मग कृती. या क्रमात डोळे नुसते माहिती पुरवतात आणि हात-पाय नुसते हुकूम पाळतात. शहाणपण सगळं मध्ये बसलेलं.

ब्रुक्स यांचा आक्षेप याच क्रमावर होता. १९८६ साली त्यांनी वेगळी रचना सुचवली. सगळ्या खोलीचा नकाशा करायची गरज नाही. साध्या सवयींचे थर एकावर एक रचायचे. अडथळा आला की वळ, हा एक थर. भटकत राहा, हा त्याच्या वरचा. सेन्सर आणि मोटर यांची गाठ थेट मारायची. या पद्धतीने त्यांच्या लॅबने सहा पायांचे, किड्यासारखे रोबॉट खडबडीत जमिनीवर चालवून दाखवले.

किड्यापासून माणसापर्यंत एवढी उडी मात्र का मारली? ब्रुक्स आणि लिन स्टाइन यांनी १९९३ साली याची कारणं लिहून ठेवली आहेत. एक कारण असं की आपले विचार आपल्या शरीराच्या अनुभवातून घडतात. आपली भाषाच बघा ना. मन जड होतं, विषय डोक्यावरून जातो, काम अंगावर येतं, संधी हातची निसटते. हे सगळं ज्याला वजन, डोकं, अंग, हात आहेत त्यालाच सुचणार. दुसरं कारण व्यवहारी. रोबॉटचा चेहरा-हात माणसासारखे असले की माणसं आपोआप त्याच्याशी माणसासारखी वागतात, आणि शिकवायला तयार होतात.

एकच आकार, दोन प्रश्न

याच काळात जपानमध्ये माणसाच्या आकाराच्या रोबॉटवर जोरात काम चालू होतं. तोक्योच्या वासेदा विद्यापीठात इचिरो कातो यांच्या गटाने १९७३ सालीच वाबॉट-१ तयार केला होता. तो दोन पायांवर चालायचा, हातांनी वस्तू उचलायचा, जपानीत थोडा संवादही करायचा. होंडा कंपनीने १९८६ साली चालण्यावर काम सुरू केलं. त्यांच्या पहिल्या यंत्राला एका पावलानंतर दुसरं टाकायला जवळपास पाच सेकंद लागायचे. दहा वर्षांनी, १९९६ साली, १८२ सेंटिमीटर उंच आणि २१० किलो वजनाचा पी-२ जिने चढताना जगाने पाहिला. २००० साली असिमो आला.

असिमो चालायचा सुरेख. पण ते चालणं लहान मूल शिकतं तसं पडून-धडपडून आलेलं नव्हतं. तोल कसा राखायचा याचं गणित इंजिनिअरांनी केलं होतं. होंडाचा प्रश्न होता, यंत्र दोन पायांवर कसं चालेल? ब्रुक्स यांच्या गटाचा प्रश्न होता, यंत्र डोळ्यांची आणि हातांची सांगड स्वतः कशी घालेल? बाहेरून दोन्ही रोबॉट एकाच जातीचे दिसतात. प्रश्न बघितले की लक्षात येतं, दोघांची परीक्षाच वेगळी आहे.

शीर्षकातल्या प्रश्नाचं उत्तर इथेच मिळतं. कॉगला पाय नव्हते, कारण त्याच्या प्रश्नाला पाय लागत नव्हते. चालण्यामागे होंडासारख्या कंपनीची दहा वर्षं गेली. एका विद्यापीठाच्या लॅबने तेही अंगावर घेतलं असतं, तर हात आणि डोळे तसेच राहिले असते.

शरीरात काय काय होतं?

जे होतं ते मात्र विचार करून बसवलेलं होतं. कॉगच्या प्रत्येक डोळ्यात दोन कॅमेरे होते. एक सगळी खोली दिसेल असा, दुसरा थोडासाच भाग पण बारकाईने दाखवणारा. आपल्या डोळ्यांचंही असंच असतं. आत्ता या ओळीतल्या एका शब्दावर नजर रोखा आणि नजर न हलवता चार ओळी खालचा शब्द वाचून बघा. जमणार नाही. बारीक दिसणारा भाग अगदी छोटा असतो, म्हणून डोळा सतत हलवावा लागतो. म्हणजे बघण्यातच हालचाल आली.

हातांची गंमत आणखी वेगळी. कारखान्यातला रोबॉटचा हात ताठ असतो. सांगितलेल्या जागी तो जाणारच, मध्ये कुणी आलं तरी. कॉगच्या हातात मोटर आणि सांधा यांच्यामध्ये स्प्रिंग बसवली होती. गिल प्रॅट आणि मॅथ्यू विल्यमसन यांनी १९९५ साली मांडलेली ही रचना. स्प्रिंग किती ताणली गेली यावरून हातावर किती जोर येतोय ते कळतं. हात कशाला लागला तर तो नमतं घेतो. अचूकपणा थोडा कमी होतो, पण त्या बदल्यात स्पर्शाची जाण येते. विल्यमसन यांनी या हातांना लयीत चालणारी साधी आंदोलकं जोडली, आणि कॉग हँडल फिरवू लागला, करवत चालवू लागला, स्प्रिंगचं स्लिंकी खेळणं दोन हातांत झुलवू लागला. करवतीचं गणित त्याला कुणी दिलं नव्हतं. हात, करवत आणि लाकूड यांच्या ओढाताणीतून लय सापडत होती.

मांजराची पिल्लं आणि एक टिचकी

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. १९६३ साली रिचर्ड हेल्ड आणि ॲलन हाइन यांनी मांजराच्या पिल्लांवर एक प्रयोग केला होता. पिल्लं एरवी अंधारात वाढवली. उजेडात आणायची ती जोडीने, एका गोल फिरणाऱ्या सांगाड्याला जोडून. एक पिल्लू स्वतःच्या पायांनी चालणार. दुसरं छोट्या पाळण्यात बसून पहिल्याच्या चालण्याने फिरणार. दोघांच्या डोळ्यांपुढून जवळपास सारखंच दृश्य जायचं. पुढे चाचणीत स्वतः चाललेल्या पिल्लाला खोलीची जाण आली होती. पाळण्यातलं पिल्लू समोरची खोल कड ओळखत नव्हतं. आज असा प्रयोग नीतिसमितीपुढे ठेवला तर खूप प्रश्न विचारले जातील, आणि ते योग्यच आहे. पण निष्कर्ष महत्त्वाचा राहिला: नुसतं दिसून भागत नाही. आपण हललो आणि त्यामुळे दृश्य बदललं, ही जोडी लागते.

कॉगवर पॉल फिट्झपॅट्रिक आणि जॉर्जियो मेत्ता यांनी जे काम केलं, २००३च्या सुमारास जे छापून आलं, ते मला याच प्रश्नाचं यंत्रातलं रूप वाटतं. अडचण अशी: टेबलावर एक ठोकळा आहे आणि टेबलाचा रंग ठोकळ्यासारखाच आहे. कॅमेऱ्याच्या चित्रात ठोकळा कुठे संपतो आणि टेबल कुठे सुरू होतं? चित्राकडे कितीही बघा, ते त्यात लिहिलेलंच नाही. कडा ठोकळ्याची की टेबलावरच्या रेघेची, हे ठरवता येत नाही.

कॉगने काय केलं? हात पुढे नेऊन वस्तूला टिचकी मारली. हात हलत असताना चित्रात फक्त हाताचे ठिपके हलत असतात. हात वस्तूला लागला त्या क्षणी अचानक नवे ठिपके हलतात. जे नव्याने हललं, ती वस्तू. जे जागेवर राहिलं, ते टेबल.

पुढचं अजून छान आहे. अशा बऱ्याच टिचक्यांनंतर कॉगकडे वस्तूंच्या वागण्याची माहिती जमा झाली. खेळण्यातली गाडी तिच्या लांबीच्या दिशेने जाते. आडवी बाटली लांबीला काटकोनात गडगडते. चेंडू कसाही जातो. मग समोर बाटली ठेवली की ती कुठल्या बाजूने ढकलली तर गडगडेल, याचा अंदाज तो बांधू लागला. चित्रावर ‘ही बाटली, हा ठोकळा’ अशा चिठ्ठ्या कुणी चिकटवल्या नव्हत्या. स्वतःच्या कृतीनेच उत्तर पुरवलं होतं. पाळण्यात बसलेल्या पिल्लाला जे मिळालं नाही, ते या हाताने मिळवलं.

मग हुकलं काय?

आता दुसरी बाजू. छोट्या छोट्या क्षमता बांधत गेलो की त्या एकमेकींत मिसळून एक वाढतं मन तयार होईल, ही आशा पुरी झाली नाही. विल्यमसन यांच्या प्रबंधातून हात आले, ब्रायन स्कॅसेलाटी यांच्या कामातून समोरच्याची नजर आणि हेतू ओळखण्याचा प्रयत्न आला, फिट्झपॅट्रिक यांच्याकडून टिचकी आली. प्रत्येक काम स्वतंत्रपणे चांगलं. पण प्रबंधांची बेरीज म्हणजे बालपण नव्हे.

त्याच लॅबमध्ये सिंथिया ब्रझील यांनी किस्मेत नावाचं फक्त डोकं बांधलं. भुवया, कान, ओठ हलवणारं. ते आवाजाच्या चढउतारावरून कौतुक आणि रागावणं वेगळं ओळखायचं आणि तसा चेहरा करायचं. शब्द त्याला कळत नव्हते. तरी माणसं त्याच्याशी बाळाशी बोलावं तसं बोलायची, थांबून त्याच्या पाळीची वाट बघायची. म्हणजे संवादातला मोठा वाटा माणूसच उचलत होता. हे काम मोलाचं आहे, पण ते एक सावधगिरीही शिकवतं: रोबॉट किती शिकला हे मोजताना समोरच्या माणसाने किती भर घातली ते वेगळं काढायला हवं. आज इंटरनेटवर ह्युमनॉइड रोबॉटचे व्हिडिओ रोज येतात. एखादा रोबॉट कपड्याच्या घड्या घालताना दिसला की विचारा: हे तो शिकलाय, का पडद्यामागून कुणी माणूस त्याचे हात चालवतोय?

कॉग थांबला, पण काम वाहतं राहिलं. २००४ साली युरोपीय संघाच्या निधीतून रोबॉटकब प्रोजेक्ट सुरू झाला आणि इटलीतल्या जिनोव्हा शहरात आयकब तयार झाला. साडेतीन वर्षांच्या मुलाएवढा, ५३ डिग्री ऑफ फ्रीडम, म्हणजे स्वतंत्रपणे करता येतील अशा ५३ हालचाली. त्याची सगळी रेखाटनं आणि सॉफ्टवेअर खुलं ठेवलं, त्यामुळे अनेक देशांतल्या लॅबमध्ये तो पोचला. त्यामागच्या प्रमुख संशोधकांत मेत्ता होते, आणि आयकब ज्या यार्प सॉफ्टवेअरवर चालतो त्याच्या निर्मात्यांत मेत्ता आणि फिट्झपॅट्रिक दोघेही आहेत.

टिचकीची कल्पनाही मोठी झाली. कार्नेगी मेलन विद्यापीठात लेरेल पिंटो आणि अभिनव गुप्ता यांनी एका रोबॉटला ७०० तासांत वस्तू पकडण्याचे ५०,००० प्रयत्न करू दिले, त्याचे त्यानेच शिकावं म्हणून. गूगलने १४ यांत्रिक हात वापरून आठ लाख प्रयत्न गोळा केले. २०१९ साली ओपनएआयच्या यांत्रिक हाताने रुबिक क्यूब फिरवला, त्याआधी सिम्युलेशनमध्ये त्याला सुमारे १३,००० वर्षांइतका सराव दिला होता.

याच्या शेजारी एक आकडा ठेवा. कॅरन अडॉल्फ यांच्या गटाने २०१२ साली चालायला शिकणाऱ्या मुलांची मोजणी केली. मोकळं खेळताना ही मुलं तासाला सरासरी २,३६८ पावलं टाकतात आणि १७ वेळा पडतात. सराव भरपूर आहे, पण हजारो वर्षांचा नक्कीच नाही. मूल उत्क्रांतीची शिदोरी घेऊन जन्माला येतं, म्हणून ही तुलना पूर्ण सरळ नाही, हे खरं. तरी फरक इतका मोठा आहे की ‘माणसासारखं शिकतो’ हा शब्दप्रयोग आपण जरा जपूनच वापरलेला बरा. इथे अजून भरपूर काम शिल्लक आहे, आणि ते तुमच्यापैकी कुणी करू शकतं.

तुमच्या प्रपोजलसाठी

विषय रोबॉटिक्सचा असो, रसायनशास्त्राचा असो की वनस्पतिशास्त्राचा, कॉगच्या गोष्टीतून तीन प्रश्न उचलता येतात. माझ्या आधीच्यांनी कुठला पर्याय सोडला, आणि सोडण्याचं कारण अजून जिवंत आहे का? माझ्या प्रश्नाला नेमकी कुठली साधनं लागतात, आणि कुठले ‘पाय’ मी नुसते दिसायला बरे म्हणून जोडतोय? आणि मोठं ध्येय हुकलं तरी ज्याचं उत्तर हाती राहील, अशी माझी ‘टिचकी’ कोणती?

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण पीएच.डी.ची वर्षं मोजकी असतात आणि फेलोशिप त्याहून मोजकी. मोठं स्वप्न जरूर ठेवा, त्याशिवाय रोज लॅबमध्ये जावंसं वाटत नाही. पण प्रपोजलच्या पहिल्या पानावर टिचकी लिहा. ती एका वाक्यात मावत नसेल, तर विषय अजून निवडून झालेला नाही असं समजा आणि गाईडकडे जाण्याआधी आणखी एक आठवडा घ्या.

पुढच्या लेखात मोटर आणि सांधा यांच्यामधल्या त्या स्प्रिंगबद्दल सविस्तर बघू. थोडं गणित असेल, पण बारावीच्या भौतिकशास्त्राबाहेर जाणार नाही. भेटू.